नखांचं पंचांग

१

प्रतापराव शितोळे माझ्या दवाखान्यात आले तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही. मी मात्र त्यांना पायरीवरच ओळखलं. दोन वर्षांत अंगावरचं मांस उतरलं होतं, केस विरळ झाले होते, पण मान तशीच ताठ होती. चंद्रभागा मिलच्या फाटकात खुर्ची टाकून बसायचे तेव्हाही ती अशीच असायची.

पाटनीपुऱ्यातला माझा दवाखाना चामडीचा. खाज, गजकर्ण, केस गळणं आणि नखं, हे माझे रोजचे धंदे. पाटीवर नाव सासरचं आहे, डॉ. सुमेधा देवधर. त्यामुळे समोर बसलेली बाई कोणाची मुलगी आहे हे त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं.

"तीन डॉक्टर झाले जी," ते खुर्चीत बसत म्हणाले. "एक फंगस म्हणतो, एक कॅल्शियम म्हणतो, एकाने तर सीधा हात जोडले. तुम्ही बघा."

मी त्यांना दहाही बोटं टेबलावर पसरायला सांगितली आणि दिवा ओढून घेतला.

बुरशी लागलेलं नख कडेपासून खराब होतं, जाड आणि पिवळं होतं, भुगा होऊन पडतं, आणि ती एकदम दहाही नखांना लागत नाही. कॅल्शियमची गोष्ट तर कंपाउंडरांनी पसरवलेली थाप आहे. इथे नखं गुळगुळीत होती, आणि प्रत्येक नखावर आडव्या पांढऱ्या रेघा होत्या, मुळाशी असलेल्या चंद्रकोरीला समांतर. नख दाबल्यावर रेघ पुसट झाली, तर दोष खालच्या कातडीत आहे असं समजायचं. मी दाबून पाहिलं. रेघ जागची हलली नाही, म्हणजे ती नखातच होती, नख मुळाशी तयार होतानाच पडलेली.

पाय झिणझिणतात का, विचारलं. झिणझिणत होते. मधूनच पोट बिघडतं का? चार दिवस उलट्या-जुलाब आणि मग ठीक, असं पावसाळ्यापासून चाललं होतं. तळवे पाहिले, तिथे बारीक कडक दाणे होते. पुस्तकात हे एकाच पानावर दिलेलं आहे, आणि पानाच्या वर नाव आहे सोमलाचं, म्हणजे आर्सेनिकचं.

कोणीतरी या माणसाला थोडं थोडं विष घालत होतं.

मी त्यांना ते सांगितलं नाही. नखांचे आणि केसांचे तुकडे कापून पाकिटात ठेवले, एक बिनकामाचं मलम लिहून दिलं आणि आठ दिवसांनी या म्हणाले. ते गेल्यावर हात धुताना मला जाणवलं की मी हसत होते. माझं काम दुसरंच कोणीतरी करत होतं.

२

माझे वडील शामराव कुटे चंद्रभागेत साचे खात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, जॉबर होते, कामगारांचे मुकादम. सव्वीस वर्षं. कुठला साचा बिघडलाय ते नुसत्या आवाजावरून ओळखायचे. मिल बंद पडायच्या चार महिने आधी सुटीच्या भोंग्याला फाटकात त्यांच्या डब्याच्या पिशवीतून पितळेचे चार बुश, यंत्राच्या दांड्यावर बसतात त्या कड्या, निघाले. टाइम ऑफिसचे साहेब प्रतापराव. त्यांनी ते बुश सुतळीत ओवून वडिलांच्या गळ्यात घातले आणि दुसरी पाळी आत जाईपर्यंत त्यांना फाटकात उभं ठेवलं. हजारेक माणसं समोरून गेली. रोज दुपारी डबा घेऊन येणारी आई त्या दिवशी नेमकी सुटीच्या वेळी त्यांचा दुरुस्त झालेला चष्मा घेऊन आली होती, तीही तिथेच उभी राहिली.

वडील घरी आले आणि बोलायचे थांबले. आठ महिने बोलले नाहीत, मग वारले. मिलचं पितळ ट्रक भरभरून कोण बाहेर काढत होतं हे सगळ्या परदेशीपुऱ्याला ठाऊक होतं, पण गळ्यात बुश शामराव कुट्यांच्याच पडले.

म्हणून सांगते, मला प्रतापरावांना वाचवायची घाई नव्हती. मला फक्त जाणून घ्यायचं होतं की हे करतंय कोण. खरं तर मला त्या माणसाचे आभार मानायचे होते.

मेडिकलच्या लॅबमधली मैत्रीण उर्वी हिच्याकडून सहाव्या दिवशी फोन आला. नखांतही सोमल होता आणि केसांतही. "पोलिसांत देतेस ना?" तिने विचारलं. देते म्हणाले आणि फोन ठेवला.

मग मी वहीत घेतलेली मापं काढली. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, आणि एकदा पडलेली रेघ नखाबरोबर पुढे सरकत जाते. म्हणजे रेघ कुठे आहे यावरून ती कधी पडली ते निघतं. अडचण एवढीच की प्रत्येकाच्या वाढीचा वेग थोडा वेगळा असतो. पण प्रतापरावांनी स्वतःच मला तारीख दिली होती. त्यांच्या उजव्या तर्जनीच्या नखावर एक खाच होती. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाहून परतताना गाडीच्या दारात बोट सापडलं होतं, नखाच्या मुळावरच मार बसला होता. ती खाच म्हणजे पंधरा ऑगस्ट.

खाचेच्या एक मिलिमीटर पुढे एक पांढरी रेघ होती, म्हणजे दहा दिवस आधीची, पाच-सहा ऑगस्ट. तिच्या पुढे तीन मिलिमीटरवर आणखी एक, जुलैचा पहिला आठवडा. आणि मागे अगदी मुळाजवळ नुकती वर आलेली तिसरी. पण ती ऑगस्टच्या रेघेपासून तीनवर नव्हती, सहावर होती. ऑक्टोबरचा पहिला आठवडा.

जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर. मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं चाळलं. तिन्ही ठिकाणी चौकटीत तोच छोटा गणपती छापलेला होता. विष दर महिन्याला संकष्टी चतुर्थीला दिलं जात होतं.

फक्त सप्टेंबरची संकष्टी कोरी गेली होती. आणि पुढची संकष्टी परवावर आली होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी उदयसिंह दवाखान्यात आला. साहेबांना पाय टेकवत नाहीत, घरी येऊन बघा म्हणाला. हा मिलच्या फाटकावरचा जुना चौकीदार, मिल बंद झाल्यावर प्रतापरावांकडे राहिलेला. त्याने मला नीट पाहिलं आणि नजर खाली घातली. त्याने मला ओळखलं होतं.

बंगल्यात चौघं होती. प्रतापराव पलंगावर, त्यांची बायको प्रेमलता, पुतण्या देवदत्त आणि उदयसिंह. मी तपासायचं निमित्त करून एकेकाला विचारत गेले. खाण्यापिण्याचं विचारलं तर डॉक्टरवर कोणी शंका घेत नाही.

प्रतापरावांना आधी विचारलं, उपासतापास करता का? संकष्टी कडक करतात, म्हणाले, पाणीसुद्धा नाही. मिलच्या फाटकासमोरच्या गणपतीला जातात आणि चंद्र उगवला की तिथेच प्रसादावर उपास सोडतात.

"मग प्रसाद बाधत असेल," मी सहज म्हटल्यासारखं केलं.

"साठ-सत्तर माणसं खातात डॉक्टरबाई. एकाला तरी काही झालंय का?"

हे बरोबर होतं. मी देऊळ मनातून खोडून टाकलं. ती माझी चूक होती, पण ते नंतर कळलं.

देवदत्त पंचविशीचा, भंवरकुआंला कॉम्प्युटर क्लास काढायचं वेड घेतलेला. हा बंगला विकून त्याला क्लाससाठी पैसा हवा होता आणि तो ते लपवतही नव्हता. "देखो मॅडम, मिलचे दिवस गेले, आता कॉम्प्युटरचा जमाना आहे, पण काका ऐकतच नाहीत ना," असं तो माझ्याशीच भांडला. पण तो सप्टेंबरभर इथेच, याच घरात होता. त्याला विष घालायचं असतं तर त्याने महिना कशाला सोडला असता?

उदयसिंहला मी अंगणात गाठलं. तोही रोज इथेच, दूध तोच आणतो, चहा तोच देतो. मी काही विचारायच्या आधी तोच बोलला.

"बिटिया, वो पीतल मैंने रखा था थैली में." तो नळाकडे पाहत होता. "साहबने बोला था. ट्रकवाली बात बाहर आनेवाली थी, किसी को तो चोर बनाना था. तेरे बाबूजी ने मुझसे एक लफ्ज नहीं बोला. बस, देखा मेरी तरफ."

मी नळाचा दांडा घट्ट धरला. दोन वर्षं जे मला ठाऊक होतं ते पहिल्यांदा कोणाच्या तोंडून ऐकलं होतं. मी विचारलं, साहेबांना तू काही देतोस का, दुधातून, चहातून? तो मान हलवून म्हणाला, इतनी हिम्मत होती तो उसी दिन फाटक पे बोल देता. मला ते पटलं. भित्रा माणूस चार महिने विष घालू शकत नाही.

राहिली प्रेमलता. आणि घरात शिरताना देवदत्त सहज बोलून गेला होता की काकू सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात देवासला माहेरी होती.

४

प्रेमलताबाई स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होत्या. त्यांच्या डाव्या मनगटावर जुन्या मोडलेल्या हाडाचा बाक होता. मी पाहतेय हे त्यांना दिसलं आणि त्यांनी पदर ओढला.

मी दार लोटलं आणि सरळ सांगितलं, यांना कोणीतरी विष देतंय. दर संकष्टीला. सप्टेंबर सोडून.

त्यांनी शेंग सोलून संपवली. मग म्हणाल्या, "आणि सप्टेंबरात मी नव्हते."

"हो."

"जुलैतही नव्हते. आषाढीपासून पंधरा दिवस मी भावजयीच्या बाळंतपणाला होते. देवासला फोन लावून विचारा." त्या शांत होत्या. "डॉक्टरजी, संकष्टीला या घरात चूल पेटत नाही. हे माझ्या हातचं पाणी घेत नाहीत त्या दिवशी. पहिला घास देवळात खातात, आणि येऊन झोपतात."

"पण देवळातला प्रसाद सगळेच खातात."

"सगळे साखरेचा शिरा खातात. यांना शुगर आहे ना. एक म्हातारी यांच्यासाठी बिनसाखरेचा वेगळा करून आणते, झाकणाच्या वाटीत. उन्हाळ्यापासून. मोठं कौतुक आहे यांना तिचं. म्हणतात, लोकांना अजून माझा मान आहे."

मी स्टुलावर बसले. वेगळी वाटी. देऊळ मी किती सहज खोडलं होतं.

"सप्टेंबरात?" मी विचारलं.

"सप्टेंबरात ती आली नाही. यांनी घरी येऊन देवासला फोन लावला आणि माझ्यावरच ओरडले, उपाशी राहिले म्हणून. पुढच्या महिन्यात तिने सांगितलं, सुतक होतं. दीर वारले होते तिचे, देपालपूरला."

वाटाण्याचा एक दाणा जमिनीवर पडून माझ्या पायाशी आला. प्रेमलताबाईंनी तो उचलला नाही.

"ती कोण ते मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीही विचारू नका."

मला विचारायची गरजच नव्हती. एक सप्टेंबरला देपालपूरला रघुवीरकाका वारले होते. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ.

५

आई परदेशीपुऱ्यातल्या त्याच दोन खोल्यांत राहते. संकष्टीच्या दुपारी मी गेले तेव्हा घरभर तुपात भाजलेल्या रव्याचा वास होता. ओट्यावर मोठं पातेलं होतं आणि बाजूला एक छोटी स्टीलची वाटी, झाकणाची.

"या वेळी कशी गं? पेशंट नाहीत का?" ती म्हणाली. "चाय टाकू?"

मी तिचे दोन्ही हात धरले आणि खिडकीपाशी नेले. तिने विरोध केला नाही. म्हातारपणी नखं सावकाश वाढतात. तिच्या आठ नखांवर काही दिसलं नाही, पण दोन्ही अंगठ्यांच्या अगदी टोकाला, आता कापली जाईल अशा जागी, एक पांढरी रेघ होती. एकच.

"हे कधी?" मी विचारलं.

"जूनमध्ये." आई माझ्याकडे पाहत होती. "किती घालायचं ते कसं कळणार? एकदम मेला तर बोंब होणार, आणि त्याला काहीच नाही झालं तर माझी मेहनत वाया. म्हणून आधी मी खाऊन पाहिलं."

तिला जूनमध्ये चार दिवस उलट्या झाल्या होत्या. मी तिला ओआरएस पाजलं होतं आणि आंबे कमी खा म्हणून रागावले होते. एवढी मोठी डॉक्टर मी, तिच्या नखांकडे पाहिलंही नव्हतं.

फळीवर वडिलांची जुनी डबी होती, कापसाच्या गोदामातल्या उंदरांना घालायच्या विषाची, मिलमधून आणलेली. मी ती उचलली तरी आई जागची हलली नाही.

"देवाच्या दारात, आई?"

"देवाला मी निर्मळ दाखवते," ती पहिल्यांदा चिडली. "नैवेद्य दाखवून झाल्यावर याचं वेगळं करते. देवाच्या ताटात मी कधी काही केलं नाही."

"आणि सप्टेंबरात?"

"सुतकात देवळाची पायरी कशी चढणार?" तिला माझा प्रश्नच कळला नाही. "दहा दिवस पाळले मी. रघुवीर का परका होता?"

मला हसूही आलं आणि रडूही. माणसाला मारताना तिचा हात कापला नव्हता, पण सुतकात देवाला शिवायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. त्या कोऱ्या राहिलेल्या तीन मिलिमीटरने मला तिच्या दारात आणून उभं केलं होतं.

"तो मला रोज पाहायचा फाटकात, डबा घेऊन यायचे तेव्हा," आई म्हणाली. "त्या दिवशी तर मी त्याच्यासमोर दोन तास उभी होते. आता दर महिन्याला त्याच्या हातात वाटी देते, तोंडाकडे बघून देते. त्याने अजून मला ओळखलं नाही, सुमे. एकदा ओळखलं असतं तरी मी थांबले असते."

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं. खोटं सांगत नव्हती. मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं, आणि सुतकही पाळलं नसतं.

पण मी डॉक्टर होते, आणि मला त्याहून चांगलं सुचलं होतं.

"आई, आज दिलंस तर कदाचित मरेल तो," मी म्हटलं. "मेला की सुटला. बाबा आठ महिने सुटले नव्हते."

तिने वाटीचं झाकण काढलं. मग तिने ती स्वतःच मोरीत रिकामी केली आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. डबी मी पर्समध्ये टाकली. त्यानंतर फळीवरचं नेलकटर काढलं, आईचे अंगठे मांडीवर घेतले आणि दोन्ही नखं रेघेच्या आतून कापली. कापलेले तुकडे चुलीत टाकले.

६

संध्याकाळी, ते देवळात जायच्या आधी, मी प्रतापरावांना इस्पितळात दाखल केलं आणि त्यांना खरं सांगितलं. कोणीतरी तुम्हाला काही महिने विष देतंय. कधी आणि कशातून, ते सांगितलं नाही.

"कोण?" त्यांची ताठ मान पहिल्यांदाच वाकली.

"ते नखांवर लिहिलेलं नसतं," मी म्हणाले. "तुम्ही कोणाकोणाचं वाईट केलंय ते आठवा. पोलिसांना बोलवायचं का?"

त्यांनी दाराशी उभ्या उदयसिंहकडे पाहिलं. पोलीस आले असते तर उदयसिंहला पितळेचंही बोलावं लागलं असतं. पोलीस नकोत, ते म्हणाले.

औषध लागू पडलं. आठवड्याने त्यांनी मला उशीखालून एक कागद काढून दिला. त्यावर तेवीस नावं होती, ज्यांचा ज्यांचा त्यांना संशय होता. भाऊबंद होते, एक सेक्रेटरी होता, दोन ठेकेदार होते, बायको होती. मी ती यादी दोनदा वाचली.

"यात शामराव कुटे नाहीत," मी म्हटलं. "साचे खात्यातले."

त्यांनी कपाळाला आठ्या घालून खरोखर आठवायचा प्रयत्न केला. "कोण कुटे?" ते म्हणाले.

त्यापुढच्या संकष्टीला फाटकासमोरच्या देवळात, आरती झाल्यावर, उदयसिंहने सगळ्यांसमोर पितळेची गोष्ट सांगितली. एकदा तरी बोल, असं मीच त्याला म्हणाले होते. साठ-सत्तर माणसं होती. आई पुढच्या रांगेत बसली होती. त्या रात्रीपासून तिने शिरा करणं सोडलं.

प्रतापराव अजून जिवंत आहेत. बंगल्यात एकटेच असतात, प्रेमलताबाई देवासला गेल्या त्या परत आल्या नाहीत, आणि देवदत्तला नि उदयसिंहला त्यांनीच हाकललं. कोणाच्या हातचं खात नाहीत. स्वतः बटाटे उकडतात, सालासकट, आणि बंद बाटलीतलं पाणी पितात. प्रसाद तर दुरूनच नमस्कार करून टाळतात.

दर महिन्याला ते माझ्याकडे येतात आणि टेबलावर दहाही बोटं पसरतात. मी दिवा ओढून घेते, एकेक नख धरून भिंगातून पाहते, दाबते, माप घेते. घाई करत नाही. त्यांचा श्वास अडकलेला मला ऐकू येतो. त्यांची नखं पहिल्या सहा महिन्यांतच साफ झाली होती.

"काही आहे का?" ते विचारतात.

"सांगता येत नाही," मी म्हणते. "पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवा."